मॉकचे गुण जागचे हलत नाहीत: सांगलीत राहून कॅटची तयारी

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. बी.कॉम. झालंय, दिवसा एका सीएंच्या ऑफिसात काम करते आणि नोव्हेंबरअखेरच्या कॅटची, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीए प्रवेशपरीक्षेची, तयारी करतेय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अभ्यासक्रम एकदा सगळा डोळ्यांखालून गेलाय, सूत्रं पाठ आहेत, सरावाच्या पुस्तकातली उदाहरणं सुटतात. पण मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिली की आकडा तिथल्या तिथे. जूनमध्ये जे गुण पडत होते, तेच गौरी-गणपती उठले तरी पडतायत. एखाद्या वेळी पाच वर, एखाद्या वेळी सात खाली.

घरी म्हणतात, पुण्याला जाऊन चांगला क्लास लाव. नोकरी सोडून खोली घेऊन राहायचं म्हणजे खर्च मोठा आहे, आणि तिथे जाऊन नेमकं काय बदलेल हे मला कळत नाही. मैत्रीण म्हणते आठवड्याला एकाच्या जागी तीन मॉक दे, आपोआप वाढतील. ज्यांनी हे पार केलंय त्यांनी मनापासून सांगा. कुठून सुरुवात करू?

कुपवाडकर

वाचतोय. माझीही हीच गत आहे, त्यामुळे उत्तरं मलाही हवीत.

फळा_खडू

मी वाळवा तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचो. निवृत्तीनंतर गावातली पाच-सहा मुलं कॅट, राज्याच्या एमबीए सीईटीसाठी घरी येतात. बाळ, आधी एक काम कर. शेवटच्या मॉकचे एकूण गुण मला नकोत. प्रत्येक विभागात किती प्रश्न सोडवले, किती बरोबर, किती चूक, आणि चुकलेल्यांपैकी टीटाचे (पर्याय नसलेले, उत्तर स्वतः टाकायचे) किती, एवढं लिही. त्याशिवाय कुणीही दिलेला सल्ला हवेतला.

कृष्णाकाठची

सर, लगेच काढले.

व्हार्क (इंग्रजी वाचन आणि भाषा): २४ पैकी २४ सोडवले. १० बरोबर, १४ चूक, त्यातले ३ टीटा.
एलआरडीआय (तर्क आणि माहितीचे तक्ते): २२ पैकी ८ सोडवले. ५ बरोबर, ३ चूक, त्यातला १ टीटा.
क्वांट (गणित): २२ पैकी १७ सोडवले. ९ बरोबर, ८ चूक, त्यातले २ टीटा.

एकूण ५३.

फळा_खडू

आता बोलता येईल. बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी नियम सांगतो, कारण सगळा हिशोब त्यावर चालतो. २०२४ च्या कॅटमध्ये ६८ प्रश्न होते: २४, २२ आणि २२. बरोबरला ३ गुण, पर्यायांतून निवडायचा प्रश्न चुकला तर १ वजा. ज्यात उत्तर स्वतः टाकायचं, त्या टीटाला वजा काही नाही. प्रत्येक विभागाला ४० मिनिटं, आणि एका विभागाचा उरलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही.

तुझ्या व्हार्कमध्ये ११ गुण नुसते वजा झालेत. क्वांटमध्ये ६. म्हणजे या दोन विभागांत मिळून १७ गुण तू कमावून परत दिलेस. मी असं म्हणत नाही की सगळ्या चुका टाळता येतात, कुणालाच येत नाहीत. पण व्हार्कमधले सहा आणि क्वांटमधले चार प्रश्न तू सोडून दिले असतेस, तर एक अक्षर नवीन न शिकता ५३ चे ६३ झाले असते. वर त्या दहा प्रश्नांवर गेलेली पंधरा-वीस मिनिटं हातात राहिली असती. त्यात दोन-तीन सोपे प्रश्न नक्की सुटले असते.

अंदाजाने गोळी मारण्याबद्दलही एकदा मांडणी करून बघा. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला, तर चार वेळात एकदा ३ मिळणार आणि तीनदा १ जाणार. बेरीज शून्य. काही हाती लागत नाही, वेळ मात्र जातो. एक पर्याय खात्रीने खोडता आला, तर तीन वेळात एकदा ३ मिळतात आणि दोनदा १ जातो, म्हणजे थोडा फायदा. दोन खोडता आले तर बिनधास्त टिचकी मारा. टीटाला वजा नसल्याने वेळ उरला तर तो प्रश्न कोरा ठेवू नका.

पुढचा रविवार नवी मॉक देऊ नकोस. हीच मॉक घेऊन बस. चुकलेला आणि सोडलेला प्रत्येक प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडव, उत्तराकडे न बघता. मग प्रत्येकासमोर कारण लिही. विषयच येत नव्हता? येत होता पण बेरजेत घसरली? हातच लावायला नको होता? आणि सगळ्यात महत्त्वाचं: येत होता, सोपा होता, पण तिथवर पोचलीच नाहीस? या शेवटच्या गटात किती निघतात ते मला सांग.

मिरज_टेशन

सरांचा आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. मला स्वतःला मॉकची संख्या वाढवल्यावर फरक पडला. दोन तास सलग डोकं चालत ठेवणं हीसुद्धा सवय आहे. सुरुवातीला तिसरा विभाग येईपर्यंत मी थकून जायचो, आणि क्वांट तर शेवटीच असतं. सारख्या मॉक दिल्या तसा तो थकवा गेला. त्यामुळे मॉक थांबवा हे पटत नाही.

फळा_खडू

तुमचं बरोबर आहे, दम वाढवायला मॉकच लागतात. मी थांबवा म्हणत नाही, एका रविवारची सुट्टी म्हणतोय. नोकरी करणाऱ्या मुलीकडे आठवड्यात मोजके तास असतात. तीन मॉक म्हणजे नुसते द्यायलाच सहा तास. मग त्या तपासायच्या कधी? दोन तासांच्या मॉकला तपासायला निदान चार तास ठेवा, आणि तेवढे असतील तितक्याच मॉक द्या.

कृष्णाकाठची

सर, तुम्ही सांगितलं तसं दोन रात्री बसून केलं. क्वांटमध्ये हात न लावलेल्या पाच प्रश्नांपैकी तीन मला घड्याळाशिवाय सहज सुटले. तिन्ही शेवटच्या पाचांत होते. एक तर साधा सरासरीचा होता. त्या आधी भूमितीच्या एकाच प्रश्नावर माझी सहा मिनिटं गेली होती, आणि तोही चुकला.

फळा_खडू

सापडलं. आता क्वांटचे २२ प्रश्न दोन फेऱ्यांत करायचे. पहिल्या फेरीत सगळे २२ वाचायचे. वाचतानाच वाट दिसली तर लगेच सोडवायचा. नाही दिसली तर खूण करून पुढे. पहिली फेरी साधारण २२ ते २५ मिनिटांत संपली पाहिजे. उरलेल्या वेळात खूण केलेल्यांकडे यायचं. कुठल्याही प्रश्नावर तीन मिनिटं झाली आणि शेवट दिसत नाही, तर तो सोडायचा, कितीही आवडता विषय असला तरी. ही सवय घरी एकेक विभाग ४० मिनिटं लावून करत जा. पूर्ण मॉकची गरज नाही.

हळदपेठ

क्वांटबद्दल माझ्याकडून थोडं. आमचं मार्केट यार्डात अडतीचं दुकान आहे, लहानपणापासून तोंडी हिशोब कानावर आहेत. कॅटच्या क्वांटमध्ये अंकगणित आणि बीजगणित मिळून बहुतेक पेपर व्यापतात. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, मिश्रण, काळ-काम-वेग हे इतकं पक्कं हवं की समीकरण मांडायला लागू नये.

एक उदाहरण. १२० रुपये किलोची आणि १७० रुपये किलोची हळद मिसळून १५० रुपये किलोचा माल करायचाय, प्रमाण किती? पुस्तकी मुलगा क्ष आणि य धरतो. त्यापेक्षा असं बघा: १२० पासून १५० किती लांब? ३०. १७० पासून किती? २०. प्रमाण उलटं: २०:३०, म्हणजे स्वस्त हळद २ भाग, महाग हळद ३ भाग. दहा सेकंदांचं काम.

आता हेच वेगळ्या कपड्यांत. वर्गात मुलांची सरासरी ६०, मुलींची ७०, पूर्ण वर्गाची ६४. मुलं आणि मुली यांचं प्रमाण? ६४ पासून ७० सहा लांब, ६० चार लांब. ६:४, म्हणजे ३:२. एका मालावर १० टक्के नफा, दुसऱ्यावर २० टक्के, एकूण १४ टक्के, खरेदीचं प्रमाण किती? तीच रीत, तेच ३:२. ही तीन उदाहरणं वेगळी वाटतात तोवर वेळ जात राहतो. एकच आहेत हे हाताला कळलं की क्वांटमध्ये पाच-सात मिनिटं आपसूक मोकळी होतात.

रोज रात्री जेवणानंतर असे पंधरा प्रश्न, कॅल्क्युलेटर न वापरता. परीक्षेत स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, पण माऊसने आकडे दाबत बसलं की तोही वेळखाऊ.

कृष्णाकाठची

हळदपेठ, हे सोनं आहे. तिन्ही उदाहरणं मी वेगवेगळ्या सूत्रांनी सोडवत होते.

आता माझं खरं दुखणं व्हार्क. चोवीसच्या चोवीस सोडवते कारण कुठलं बरोबर आणि कुठलं चूक, हे सोडवताना मला जाणवतच नाही. उतारा वाचला की सगळं कळल्यासारखं वाटतं. पर्याय बघितले की दोन सारखेच वाटतात.

हरिपूर_रोड

माझं माहेर सांगलीचं, आता पुण्यात नोकरी. मीही मराठी माध्यमातूनच गेले आणि कॅट देऊन एमबीए केलं. तुझी पोस्ट वाचली आणि उत्तर द्यावंसंच वाटलं.

सगळे तुला सांगतील की इंग्रजी शब्दसंग्रह वाढव, शब्दांच्या याद्या पाठ कर. कॅटमध्ये शब्दार्थ थेट विचारत नाहीत. २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात, आणि उरलेले आठ परिच्छेद जुळवणं, विसंगत वाक्य ओळखणं, सारांश, वाक्याची योग्य जागा अशा प्रकारचे. सगळीकडे एकच गोष्ट तपासली जाते: लेखक म्हणतोय काय, आणि ते कशाच्या आधारावर म्हणतोय. मराठी माध्यमातल्या मुलांना हे जमत नाही असं मुळीच नाही. आपण अग्रलेख वाचतो, त्यावर घरी वाद घालतो, लेखक कुठे घसरला हे सांगतो. फक्त इंग्रजीत वाचताना आपलं सगळं लक्ष अडलेल्या शब्दाकडे जातं आणि मुद्दा निसटतो.

म्हणून असं कर. रोज एक मोठा इंग्रजी निबंध वाच. एऑनसारख्या संकेतस्थळावर तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, अर्थकारण, विज्ञान अशा विषयांवरचे लेख फुकट मिळतात, आणि कॅटच्या उताऱ्यांची धाटणी तशीच असते. एक परिच्छेद वाचून झाला की थांब, आणि त्यात लेखकाने काय केलं ते एका ओळीत मराठीत लिही. “जुना समज सांगितला.” “त्याला एक अपवाद दाखवला.” “अपवाद का महत्त्वाचा ते पटवलं.” “शेवटी स्वतःचं मत, पण सावधपणे.” मराठीत लिहायचं कारण असं की इंग्रजीत लिहिताना आपण लेखकाचेच शब्द उचलतो आणि समजलं असा भास होतो. स्वतःच्या भाषेत मांडायला लागलं की खरंच कळलंय का ते उघडं पडतं. पहिले काही दिवस एका निबंधाला तास लागेल. लागू दे. पुढे हे डोक्यातल्या डोक्यात होतं आणि लिहावं लागत नाही.

आता पर्यायांचं. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नात बरोबर उत्तर का बरोबर, हे सगळेच बघतात. तू उलट बघ: जो चुकीचा पर्याय मी निवडला, त्याने मला ओढलं कशाने? एक वही कर आणि प्रत्येक वेळी ते कारण लिही. काही दिवसांत तुला दिसेल की तू त्याच त्याच दोन-तीन जाळ्यांत अडकतेस. काहींना उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे दिसले की तो पर्याय बरोबर वाटतो. काहींना जगात खरी असलेली गोष्ट भुरळ घालते, जी उताऱ्यात लेखकाने म्हटलेलीच नसते. काही जण “ओन्ली”, “ऑल्वेज”, “मस्ट” यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातात, आणि लेखकाने “बऱ्याचदा” म्हटलेलं पर्यायात “नेहमी” झालेलं असतं. एखाद्या पर्यायाचा पहिला अर्धा भाग अगदी अचूक असतो आणि दुसऱ्या अर्ध्यात गडबड असते. तुझं जाळं कुठलं ते तुलाच शोधावं लागेल. ते सापडलं की दोन सारखे वाटणारे पर्याय वेगळे दिसायला लागतात.

आणि २४ चा हट्ट सोड. चारही उतारे करायलाच पाहिजेत असं नाही. सुरुवातीला तीन उतारे नीट, त्यावरचे बारा प्रश्न, आणि उरलेल्या आठांतले टीटा सगळे. एवढ्यावर दहा-बारा बरोबर आले तरी विभाग सावरतो.

कुपवाडकर

ताई, हे मी वहीत उतरवून घेतलं. परिच्छेद जुळवण्याबद्दलही सांगा ना.

हरिपूर_रोड

त्यात जोड्या शोधायच्या. चारही वाक्यांचा क्रम एकदम लावू नकोस. “धिस”, “सच”, “इट” असे शब्द दिसले की विचार: हे कशाबद्दल? ती गोष्ट ज्या वाक्यात आहे ते लगेच आधीचं. एखादी व्यक्ती पूर्ण नावाने आली आणि दुसरीकडे नुसत्या आडनावाने, तर पूर्ण नाव आधी. अशी एक पक्की जोडी मिळाली की क्रमाच्या शक्यता झपाट्याने कमी होतात. यात वजा गुण नाहीत, पण दोन मिनिटांच्या वर वेळही देऊ नकोस.

वालचंदचा_विद्यार्थी

एलआरडीआयवर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मी शेवटच्या वर्षाला आहे, वसतिगृहात आम्ही चौघं मिळून हाच विभाग करतो.

२०२४ ला २२ प्रश्न पाच सेटमध्ये होते (सेट म्हणजे एकाच माहितीवरचे चार-पाच प्रश्न). त्याआधी २० प्रश्न, चार सेट. म्हणजे इथे प्रश्न निवडायचे नसतात, सेट निवडायचे असतात. चुकीच्या सेटमध्ये शिरलात की पंधरा मिनिटं गेली. म्हणून पहिली पाच-सहा मिनिटं पेन खाली ठेवून सगळे सेट वाचायचे. मी बघतो ते असं: माहिती किती बांधीव आहे, तक्ता काढता येतोय का, ठाम अटी किती आणि “किंवा”च्या अटी किती. शिवाय प्रश्न वाचतो. “खालीलपैकी कोणतं नक्की खरं आहे” असे जास्त असतील तर सेट पूर्ण न सोडवताही एक-दोन उत्तरं निघतात. “जर अमुक असेल तर” असे जास्त असतील तर प्रत्येकाला नवी मांडणी लागते.

कृष्णाकाठची यांनी ८ सोडवले, ५ बरोबर. दोन सेट पूर्ण आणि तिसऱ्यातले दोन-तीन, एवढं झालं तरी पुष्कळ. चौथ्याच्या मागे लागू नका. आमच्या गटात नियम आहे: आठ मिनिटांत तक्त्याची निदान अर्धी घरं भरली नाहीत तर बाहेर.

आणखी एक. सेट सुटला तरी दुसऱ्याने तो कसा मांडला ते जरूर बघा. आम्ही चौघं एकच सेट वेगवेगळा करतो आणि मग कागद अदलाबदल करतो. बऱ्याचदा फरक हुशारीत नसतो, तक्त्यात आडवं काय आणि उभं काय घेतलं यात असतो.

तासगावकर

नमस्कार. मी परीक्षा देत नाही, माझा मुलगा देतोय. आमची द्राक्षबाग आहे. मला या परीक्षेतलं फारसं कळत नाही, पण धागा पहिल्यापासून वाचला. मॉकचा निकाल आला की मुलगा दोन दिवस कुणाशी बोलत नाही, जेवणही नीट नाही. आम्ही काय करावं? त्याला पुण्याला पाठवावं का? पैशाची सोय करू, तो प्रश्न नाही.

एक मात्र पटलं. आम्ही बागेत घडांची विरळणी करतो, धरलेले काही मणी हातानं काढून टाकतो, तेव्हा उरलेल्यांना फुगवण येते. प्रश्न सोडायचं सर सांगतायत ते मला तसंच वाटलं. मुलाला वाचून दाखवलं.

हरिपूर_रोड

काका, तुम्ही इतकं लक्ष घालताय हेच त्याच्यासाठी फार मोठं आहे. मॉकच्या गुणांबद्दल दोन गोष्टी त्याला सांगा. सगळ्या मॉक सारख्या अवघड नसतात. एका मॉकचे ५५ आणि दुसरीचे ७० यांची योग्यता एकच असू शकते. म्हणून गुण गुणांशी ताडायचे नाहीत, पर्सेंटाइल, म्हणजे आपण किती टक्के परीक्षार्थींच्या पुढे आहोत ते, बघायचा. तोही त्या दिवशी कोण कोण बसलं होतं यावर ठरतो, त्यामुळे एकाच ठिकाणच्या चार-पाच मॉक एका ओळीत ठेवून कल बघायचा. दुसरं, कॅटमध्ये शंभरपैकी नव्वद असं काही नसतं. गेल्या काही वर्षांत एकूण गुणांच्या निम्मे मिळवणाऱ्यांचा पर्सेंटाइल ९९ च्या वर गेलाय. शाळेतल्या सवयीने निम्मे म्हणजे नापास वाटतं, आणि मुलं विनाकारण खचतात.

घरी निकालाच्या दिवशी “किती पडले?” असं विचारू नका. दोन दिवसांनी “या वेळी काय सापडलं?” असं विचारा.

फळा_खडू

पुण्याबद्दल मी बोलतो. ज्याला रोज बसायची शिस्त लागत नाही, आजूबाजूला अभ्यास करणारं कुणी नाही, त्याला पुण्याचा फायदा होतो. वर्ग आणि मॉक तर आज ऑनलाइन सांगलीतही तेच मिळतात. इथे कमी पडते ती संगत. चार मुलं एकत्र आली तर तीही मिळते, वालचंदचा विद्यार्थी सांगतोय तशी. तासगावकर, तुमचा मुलगा आठवड्यातून एकदा सांगलीला येऊन अशा गटात बसला तर बघा. उरलेल्या वेळासाठी महिन्याला मोठा खर्च करून हलवण्याची घाई करू नका.

मिरज_टेशन

इथे नुसतं कॅटच चाललंय, म्हणून आठवण करून देतो. आपल्या भागातली बरीच मुलं शेवटी राज्याच्या एमबीए सीईटीतूनच प्रवेश घेतात, आणि मुंबईतली जमनालाल बजाजसारखी संस्थाही त्यातून मिळते. तिचा स्वभाव पूर्ण वेगळा. २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. वजा गुण नाहीत. त्यामुळे इथे सोडायचं म्हणजे वेळ द्यायचा नाही, पण उत्तर मात्र प्रत्येक प्रश्नाचं निवडायचं. २०० पैकी ७५ तर्कशक्ती, २५ आकृत्यांचे, ५० गणित, ५० इंग्रजी. आकृत्यांचे प्रश्न कॅटमध्ये नसतात. त्यामुळे नुसती कॅटची तयारी करणारी मुलं तिथे गडबडतात, आणि खरं तर सरावाने सगळ्यात लवकर सुधारणारा भाग तोच. कॅट झाली की डिसेंबरपासून रोज वीस आकृत्या करा.

कुपवाडकर

मोलाची माहिती. सीईटीसाठी वेगळा धागा काढूया का?

मिरज_टेशन

काढा, मी येतो.

कृष्णाकाठची

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, मंडळी रागावू नका. तुमचं ऐकून आठवड्याला एकच मॉक ठेवली. शनिवारी रात्री नाही, रविवारी सकाळी देते, दुपारी तपासते, आणि उरलेलं तपासणं सोमवारी ऑफिसहून आल्यावर.

व्हार्कमध्ये आता सतरा-अठरा सोडवते, दहा-अकरा बरोबर येतात. आकडा फार वाढलेला दिसत नाही, पण वजा गुण निम्म्याहून खाली आलेत. ताईंनी सांगितलेल्या वहीत माझं जाळं सापडलं: उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे दिसले की मी तोच पर्याय उचलते. आता तसा पर्याय दिसला की मुद्दाम दोनदा वाचते. क्वांटमध्ये दोन फेऱ्यांची सवय लागली. भूमितीवरचा वेळ कमी केला. गेल्या दोन मॉकमध्ये सत्तरच्या आसपास पडले, आणि त्यातली एक सगळ्यांनीच अवघड म्हटलेली होती.

एलआरडीआय अजून डळमळीत आहे. एकदा तीन सेट सुटले, एकदा एकच.

दोन शंका आहेत. क्रमपर्याय, संभाव्यता हे विषय मी अजून नीट केलेले नाहीत. आता करू का? आणि जुने कॅटचे पेपर वेळ लावून द्यायचे तर कसे, कारण त्यांचा आराखडा वेगळा दिसतो.

फळा_खडू

शाब्बास. वजा गुण कमी झालेत हे मला आकडा वाढण्यापेक्षा जास्त आवडलं.

क्रमपर्याय आता मुळापासून नको. त्यातले अगदी प्राथमिक प्रकार, रांगेत बसवणं, समित्या निवडणं, एवढं दोन संध्याकाळीत कर आणि थांब. तेवढा वेळ समीकरणं, लॉगरिदम आणि असमानतांना दे, कारण ते जवळजवळ दरवर्षी असतात.

जुन्या पेपरांचं असं. २०१७ ते २०१९ मध्ये १०० प्रश्न आणि तीन तास होते, प्रत्येक विभागाला एक तास. २०२० ला ७६ प्रश्न आणि दोन तास झाले. त्यामुळे २०१७-१९ चे पेपर पूर्ण देऊ नकोस. क्वांटच्या ३४ पैकी कुठलेही सलग २२ घे आणि ४० मिनिटं लाव. एलआरडीआयमध्ये पाच सेट निवड आणि ४० मिनिटं. २०२१ पासूनचे पेपर मात्र जसेच्या तसे, कारण ते आजच्याशी मिळतात. शेवटच्या तीन आठवड्यांत विकतच्या मॉकपेक्षा खऱ्या पेपरांना मी जास्त किंमत देतो. उताऱ्यांचे पर्याय तर खऱ्या पेपरात जितके काटेकोर असतात तितके इतरत्र क्वचितच सापडतात.

वालचंदचा_विद्यार्थी

एलआरडीआयमध्ये एक सेट आणि तीन सेट असा फरक पडतो तो बहुधा निवडीमुळे. ज्या मॉकमध्ये एकच सुटला तिचे बाकीचे सेट घड्याळाशिवाय सोडवून बघा, मग सोप्याकडून अवघडाकडे क्रम लावा. तुम्ही परीक्षेत आधी घेतलेला सेट त्या क्रमात कुठे आहे ते बघा. चार-पाच मॉकचं असं केलं की कुठल्या प्रकारचे सेट तुम्हाला उगाच सोपे वाटतात ते कळेल. आमच्यातल्या एकाला सामन्यांच्या गुणतक्त्याचे सेट नेहमी सोपे वाटायचे, आणि तेच त्याला खायचे.

रविवारी दुपारी आम्ही विश्रामबागला बसतो. यायचं असेल तर निरोप टाका. तासगावकर काकांच्या मुलालाही सांगा.

तासगावकर

तो येईल म्हणतोय. निरोप पाठवतो.

कृष्णाकाठची

हॉल तिकीट आलं. स्लॉट दुपारचा, साडेबाराचा. ऑफिसात एक वाजता जेवायची सवय आहे, आणि आतापर्यंतच्या सगळ्या मॉक सकाळी दिल्यात. काही बदलू का?

हरिपूर_रोड

नक्की बदल. राहिलेल्या सगळ्या मॉक साडेबारालाच दे. साडेदहाच्या सुमारास पोटभर पण हलकं जेव, कारण केंद्रावर आधी पोचायचं असतं आणि मधे खायला मिळत नाही. दुसरं, लॅपटॉपचं टचपॅड बंद करून माऊस वापर. टीटाचं उत्तरही स्क्रीनवरच्या आकड्यांवर माऊसने टिचकी मारूनच टाकायचं असतं, ते हाताला सवयीचं हवं. शेवटची पूर्ण मॉक परीक्षेच्या चार-पाच दिवस आधी. त्यानंतर फक्त तुझ्या दोन वह्या, जाळ्यांची आणि क्वांटमधल्या चुकांची.

कृष्णाकाठची

ताई, या रविवारी साडेबाराला बसते. ती तपासून झाली की विश्रामबागला यायला पाच वाजतील. वालचंदचा विद्यार्थी, तोवर गट असेल ना?

वालचंदचा_विद्यार्थी

सात वाजेपर्यंत असतो. न सुटलेले सेट छापून आणा, पाच प्रती.